सिनाई दिसत नाही, थीब्स उघडत नाही: 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'च्या डीएलसीची परत परत येणारी अडचण

पैसे कापले गेले, डाउनलोड झालं, गेम सुरू केला, आणि नायक बायेक होता तिथेच, मेम्फिसच्या धुळीत उभा. नवा नकाशा नाही, नवी कामगिरी म्हणजे क्वेस्ट नाही. 'ओरिजिन्स'च्या दोन मोठ्या डीएलसींबद्दलची (म्हणजे गेमनंतर वेगळ्या विकल्या गेलेल्या भागांबद्दलची: सिनाईतली 'द हिडन वन्स' आणि थीब्समधली 'द कर्स ऑफ द फॅरोज') ही तक्रार २०१८ पासूनची आहे आणि अजून थांबलेली नाही. सेल लागला की नवे लोक गेम घेतात, जुने लोक नव्या कन्सोलवर किंवा पीसीवर तो पुन्हा टाकतात, आणि प्रश्न पुन्हा तोच. खरा वैताग हा की एकदा सुटलेली अडचण काही महिन्यांनी परत उभी राहते: कन्सोल बदलला, विंडोज नव्याने टाकलं, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अकाउंटवरून गेम उघडला, की सिनाई गायब.

यावर बहुतेक जण आधी गेम उडवतात आणि पुन्हा डाउनलोड करायला लावतात. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. नुसत्या मूळ गेमला पीसीवर ४२ जीबी जागा लागते. तेवढा डेटा पुन्हा ओढूनही डीएलसी दिसत नाही, कारण फाइल्स बहुतेक वेळा धडधाकट असतात. दुखणं चारपैकी एका जागी असतं: डीएलसी तुमच्या मालकीची आहे का, तिचं लायसन्स या मशीनला पटलं आहे का, फाइल्स आणि पॅच (गेमचे नंतरचे अपडेट) पूर्ण आहेत का, आणि तुम्ही उघडता तो सेव्ह (साठवलेली प्रगती) बरोबर आहे का. याच क्रमाने तपासा. क्रम उलटा केलात तर दोन दिवस जातील आणि सेव्हही हातचा जाईल.

सिनाईकडे घोड्यावरून जाता येत नाही

सगळ्यात आधी हे, कारण यात काहीच बिघडलेलं नसतं आणि तरी माणूस तासभर शोधत बसतो. सिनाई आणि थीब्स हे मूळ इजिप्तच्या नकाशाचे भाग नाहीत. ते स्वतंत्र नकाशे आहेत. इजिप्तच्या पूर्व कडेपर्यंत घोडा दामटवलात तरी सिनाई लागणार नाही, आणि नाईलच्या काठाकाठाने दक्षिणेकडे गेलात तरी थीब्स येणार नाही. मॅप उघडा, शेवटपर्यंत झूम आउट करा, म्हणजे ॲटलस उघडतो. तिथून प्रदेश निवडून प्रवास करायचा. क्वेस्टच्या यादीतही डीएलसीचा पहिला क्वेस्ट शोधा. मूळ गेमचे अर्धवट साइड क्वेस्ट खूप साठले असतील तर तो त्या गर्दीत नजरेतून सुटतो.

दुसरी गोष्ट, कोणत्या सेव्हवर तपासता आहात? नुकताच सुरुवातीच्या सिवातून बाहेर पडलेला, सातव्या-आठव्या लेव्हलचा बायेक घेऊन डीएलसी चालते का हे बघू नका. 'द हिडन वन्स'ची कथा मुख्य कथेनंतर चार वर्षांनी घडते. मुख्य कथा संपलेला सेव्ह हाताशी असेल तर तपासणी त्याच्यावरच करा. लेव्हलचं गणितही लक्षात असू द्या. मूळ गेमची कमाल लेव्हल ४०, 'द हिडन वन्स' ती ४५ वर नेते आणि 'द कर्स ऑफ द फॅरोज' ५५ वर. म्हणजे सिनाईतले रोमन सैनिक चाळिशीच्या पुढचे असणार, आणि थीब्समधले त्याहून वरचे. शत्रूच्या डोक्यावर कवटीचं चिन्ह दिसतं आणि तो एका फटक्यात लोळवतो, ही डीएलसीतली चूक नाही, लेव्हलमधलं अंतर आहे. सेटिंगमधलं 'एनिमी स्केलिंग' इथे कामाचं नाही. ते कमी लेव्हलच्या शत्रूंना तुमच्या बरोबरीला आणतं, जास्त लेव्हलच्यांना खाली ओढत नाही.

ॲटलसमधून जाता आलं तर अडचण संपली. नाही आलं, तर पुढे वाचा.

नेमकं काय विकत घेतलं?

दुकानाच्या पानावर या गेमच्या इतक्या आवृत्त्या दिसतात की घोटाळा होणं साहजिक आहे. स्टँडर्ड एडिशनमध्ये दोन्ही डीएलसी नाहीत. डीलक्समध्येही नाहीत. डीलक्स या शब्दाला फसणारे खूप आहेत. तिच्यात डेझर्ट कोब्रा पॅकमधला पोशाख, शस्त्रं, वाहन आणि एक जास्तीची समुद्री मोहीम असा ऐवज मिळतो, सिनाई किंवा थीब्स नव्हे. गोल्डमध्ये सीझन पास असतो. त्या सीझन पासमध्ये २३ जानेवारी २०१८ ला आलेली 'द हिडन वन्स' आणि १३ मार्च २०१८ ला आलेली 'द कर्स ऑफ द फॅरोज' या दोन्ही येतात, शिवाय रोमन सेंच्युरियन आणि होरस हे पॅक.

या दोन तारखांच्या मध्ये, २० फेब्रुवारी २०१८ ला 'डिस्कव्हरी टूर' आली. ती गेम असलेल्या सगळ्यांना फुकट मिळते आणि तिच्यात लढाई नाही, मार्गदर्शकासोबत प्राचीन इजिप्त हिंडायचा. मेनूत ती दिसते म्हणून 'डीएलसी बसली आहे' असं समजू नका. तिचा आणि सीझन पासचा काही संबंध नाही.

सीझन पास घेतला म्हणजे डीएलसी आपोआप डाउनलोड होते असंही नाही. पास हा हक्काचा कागद आहे, माल वेगळा उचलावा लागतो. कन्सोलवर पास घेतल्यानंतर दोन्ही डीएलसींच्या पानावर स्वतः जाऊन डाउनलोड दाबावं लागतं, अनेकांचं इथेच अडतं. तिथे किंमत दिसत असेल तर पास त्या अकाउंटला लागलेलाच नाही. 'परचेस्ड' किंवा डाउनलोडचं बटण दिसत असेल तर हक्क शाबूत आहे.

जुनी डिस्क घेणाऱ्यांसाठी: गोल्ड एडिशनच्या डबीवर 'सीझन पास समाविष्ट' छापलेलं असतं, पण तो डिस्कवर नसतो. आत एका कागदावर कोड असतो आणि तो एकदाच चालतो. पहिल्या मालकाने तो वापरला असेल तर तुमच्या हाती येते ती स्टँडर्ड एडिशनच. डबीवरच्या सोनेरी पट्टीचे जास्तीचे पैसे मोजण्याआधी आतला कागद सीलबंद आहे का ते बघा.

सबस्क्रिप्शनमधून खेळणाऱ्यांचंही असंच. जून २०२२ मध्ये हा गेम एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये आला, तो मूळ गेम म्हणून. डीएलसी वेगळी घ्यावी लागते. आणि सबस्क्रिप्शन संपलं की विकत घेतलेली डीएलसी तुमचीच राहते, पण ती चालवायला मूळ गेम उरत नाही.

प्लेस्टेशन: डिस्क एका प्रदेशाची, अकाउंट दुसऱ्या

आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे, आणि कारण कळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तोही इथेच. पीएस४ चा गेम जगातल्या कुठल्याही पीएस४ वर चालतो. डीएलसीचं तसं नाही. डीएलसी ज्या प्रदेशाच्या स्टोअरमधून घेतली, त्याच प्रदेशाची डिस्क लागते. न्यू जर्सीहून मावशीने आणलेली डिस्क, दुबईहून येताना कुणी घेतलेली, बाजारात स्वस्तात मिळालेली आयात डिस्क, या सगळ्या घरच्या कन्सोलवर विनातक्रार चालतात. मूळ गेम खेळताना तासन्तास काहीच खटकत नाही. मग भारताच्या अकाउंटवरून डीएलसी घेतली जाते, ती डाउनलोड होते, इन्स्टॉल झाली असं दिसतं, आणि गेम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठीक आहेत, फक्त एकमेकींना ओळखत नाहीत.

तपासायला कन्सोलसुद्धा लागत नाही. डबी हातात घ्या आणि तिचा कणा, म्हणजे शेल्फमध्ये ठेवल्यावर दिसणारी अरुंद बाजू, उजेडात धरा. तिथे बारीक अक्षरांत 'सीयूएसए' आणि त्यापुढे पाच आकडी क्रमांक असतो. डिस्कच्या छापील बाजूवरही तो असतो. एकाच गेमच्या अमेरिकी, युरोपीय आणि आशियाई आवृत्त्यांचे हे क्रमांक वेगवेगळे असतात. आता डबीच्या पुढच्या बाजूचा खालचा कोपरा बघा. तिथे वयाच्या खुणेत 'पेगी' आणि १८ चा आकडा असेल तर डिस्क युरोपीय गटातली. 'ईएसआरबी'चं काळं-पांढरं 'एम' असेल तर ती अमेरिकी. भारताचं प्लेस्टेशन स्टोअर युरोपीय गटात मोडतं, म्हणून पेगीची डिस्क आणि भारताचं अकाउंट यांचं जमतं. अमेरिकी डिस्क आणि भारताचं अकाउंट यांचं जमत नाही.

डिस्क परकी निघाली तर दोन मार्ग आहेत. पहिला, डिस्कच्या प्रदेशाचं नवं अकाउंट उघडायचं, त्या देशाच्या गिफ्ट कार्डने डीएलसी घ्यायची, आणि तुमचा पीएस४ त्या अकाउंटचा 'प्रायमरी' करायचा. मग तुमच्या नेहमीच्या अकाउंटवरून, तुमच्याच सेव्हवर डीएलसी दिसते, कारण प्रायमरी कन्सोलवर एका अकाउंटची खरेदी सगळ्यांना वापरता येते. दुसरा, भारताच्या स्टोअरवरून मूळ गेम डिजिटल घ्यायचा. सेलमध्ये हाच मार्ग स्वस्त आणि कमी कटकटीचा पडतो. पण एक लक्षात ठेवा: वेगळ्या प्रदेशाची आवृत्ती कन्सोलला वेगळा गेम वाटते, आणि जुने सेव्ह तिच्यात आपोआप येतील असं धरून चालू नका. शंभर तासांचा सेव्ह असेल तर पहिला मार्गच धरा. डीएलसी चुकीच्या प्रदेशाची घेतली असेल तर ती डाउनलोड करण्याआधीच परताव्याची विनंती करा. डाउनलोड सुरू झालं की परतावा मिळणं फार अवघड होतं.

एक्सबॉक्स वनपासून पुढच्या एक्सबॉक्सवर डिस्कच्या प्रदेशाची ही भानगड नाही.

लायसन्स: काल चालत होतं, आज कुलूप

गेमच्या आयकॉनवर कुलूप दिसणं, इंटरनेट गेलं की डीएलसी जाणं, मोठ्या भावाच्या अकाउंटवर चालणं पण धाकट्याच्या नाही, ही लायसन्सची लक्षणं. खरेदी केलेलं अकाउंट आणि खेळणारं अकाउंट वेगळं असेल तर तो कन्सोल खरेदीदाराचा 'घरचा' असावा लागतो. नवा कन्सोल आला की ही नोंद जुन्यावरच राहते, म्हणून तक्रार परत येते.

पीएस४ वर सेटिंग्जमधल्या अकाउंट मॅनेजमेंटमध्ये 'ॲक्टिव्हेट ॲज युअर प्रायमरी पीएस४' आणि त्याखालीच 'रिस्टोर लायसन्सेस' आहे. खरेदी केलेल्या अकाउंटने लॉगिन करून आधी पहिलं, मग दुसरं. पीएस५ वर सेटिंग्ज, मग युजर्स अँड अकाउंट्स, मग अदर. तिथे 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' आणि 'रिस्टोर लायसन्सेस' या दोन्ही ओळी सापडतील. जुना पीएस४ विकून टाकला असेल तर वेबवरून सगळे कन्सोल एकदम निष्क्रिय करता येतात, पण सहा महिन्यांतून एकदाच. ती संधी घाईत वाया घालवू नका. एक्सबॉक्सवर हेच काम जनरल, पर्सनलायझेशन, 'माय होम एक्सबॉक्स' इथे होतं, वर्षातून पाच वेळा.

लायसन्स परत मिळवल्यावर गेम नुसता मिनिमाइज करून चालत नाही. तो पूर्ण बंद करून नव्याने सुरू करा. कोणती डीएलसी आहे हे गेम सुरू होतानाच तपासतो.

डिस्कला सिनाई ठाऊक नाही

डिस्कवरचा गेम २७ ऑक्टोबर २०१७ च्या वेळचा आहे. तेव्हा दोन्ही डीएलसी बाजारात आलेल्या नव्हत्या. म्हणजे डिस्क टाकून पॅच न घेता डीएलसी बसवली तर ती चालण्याचा प्रश्नच नाही. आधी मूळ गेम पूर्ण, मग ताजा पॅच पूर्ण, मग डीएलसी. पीएस४ डाउनलोड अर्धवट असतानाच गेम सुरू करू देतो, त्यामुळे पडद्यावर सगळं ठीक दिसतं आणि मागे निम्मं काम बाकी असतं. नोटिफिकेशनमधल्या डाउनलोडच्या यादीत काही रेंगाळलं आहे का ते बघा.

जागेचंही बघा. मोठा पॅच बसवताना पीएस४ गेमची नवी प्रत बनवतो, म्हणून तात्पुरती जवळपास गेमएवढीच रिकामी जागा लागते. ५०० जीबीचा भरलेला पीएस४ 'कॉपीइंग'वर अडून बसतो तो यामुळे. एखादा मोठा गेम काढा, पॅच बसला की परत टाका.

सगळं पूर्ण असूनही डीएलसी दिसत नसेल तर डेटाबेस नव्याने बांधा. पीएस४ बंद करा, पॉवरचं बटण दुसरा बीप येईपर्यंत, साधारण सात सेकंद, दाबून धरा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर वायरने जोडा आणि पाचवा पर्याय, 'रीबिल्ड डेटाबेस', घ्या. त्याने गेम किंवा सेव्ह जात नाहीत. सहावा आणि सातवा पर्याय मात्र कन्सोल कोरा करतात, त्यांना हात लावू नका.

पीसी: दोन दुकानं, एक लाँचर

स्टीमवरून गेम घेतला तरी तो गेमची कंपनी युबिसॉफ्टच्या 'युबिसॉफ्ट कनेक्ट' या लाँचरमधूनच उघडतो, त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं वाटतं. तसं नाही. स्टीमची प्रत आणि युबिसॉफ्टची प्रत हे दोन वेगळे माल आहेत. मूळ गेम स्टीमवर असेल तर डीएलसीही स्टीमवरूनच घ्या. युबिसॉफ्टच्या स्टोअरमध्ये ती स्वस्त दिसली म्हणून घेतली तर ती स्टीमच्या प्रतीला लागणार नाही.

दुसरा सापळा अकाउंटचा. कॉलेजात असताना एका ईमेलवर युबिसॉफ्टचं अकाउंट उघडलेलं, नंतर दुसऱ्यावर आणखी एक. विंडोज नव्याने टाकल्यावर लाँचर लॉगिन मागतो आणि आठवेल ते अकाउंट टाकलं जातं. मग डीएलसीही नाही आणि सेव्हही नाहीत. दोन्ही एकदम गायब झाले असतील तर आधी उजव्या कोपऱ्यातलं नाव वाचा. गेम उडवण्याची काही गरज नाही.

नाव बरोबर असेल तर स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीएलसीची यादी, तिथे दोन्हींसमोर टिक आहे का बघा. मग 'इन्स्टॉल्ड फाइल्स'मधून 'व्हेरिफाय'. युबिसॉफ्टच्या प्रतीसाठी गेमच्या पानावर प्रॉपर्टीजमध्ये 'व्हेरिफाय फाइल्स' आहे. लाँचर ऑफलाइन मोडमध्ये नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या.

एवढं करूनही लाँचर डीएलसी 'विकत घ्या' म्हणून दाखवत असेल, तर त्याने साठवलेली मालकीची जुनी नोंद अडकलेली असते. लाँचर पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या ट्रेमधूनही. मग सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्सच्या एक्स८६ फोल्डरमध्ये युबिसॉफ्ट, त्यात युबिसॉफ्ट गेम लाँचर, त्यात 'कॅशे' आणि त्यात 'ओनरशिप' नावाचं फोल्डर आहे. ते उडवू नका, नाव बदलून 'ओनरशिप-जुनं' करा. लाँचर उघडून लॉगिन केलंत की तो नोंद सर्व्हरवरून नव्याने आणतो. 'कॅशे'च्या शेजारच्याच 'सेव्हगेम्स' फोल्डरला मात्र चुकूनही हात लागू देऊ नका.

सेव्ह: इथे सावकाश

बाकी सगळं परत मिळतं, सेव्ह मिळत नाही. म्हणून वरचं काहीही करण्याआधी त्याची प्रत काढून ठेवणं उत्तम.

पीसीवर 'सेव्हगेम्स'मध्ये तुमच्या अकाउंटचं लांबलचक अक्षर-आकड्यांचं फोल्डर असतं, आणि त्यात दर गेममागे एक आकडी नावाचं. स्टीमच्या आणि युबिसॉफ्टच्या प्रतीचे हे आकडे वेगळे असतात, म्हणून एका दुकानाची प्रत सोडून दुसरी घेतली की सेव्ह सापडत नाहीत. ते जुन्या आकड्याखाली शाबूत पडलेले असतात. नव्या प्रतीत एक सेव्ह करून तिचं फोल्डर तयार होऊ द्या, लाँचरच्या सेटिंग्जमधून क्लाउड सिंक्रोनायझेशन बंद करा, जुन्या फाइल्स नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, गेम उघडून सेव्ह चालतो हे बघा, आणि मगच क्लाउड परत सुरू करा. क्लाउड चालू ठेवून कॉपी केलीत तर तो आपल्याकडचा कोरा सेव्ह तुमच्या शंभर तासांवर लिहू शकतो. 'लोकल की क्लाउड' असा प्रश्न लाँचरने विचारला तर दोन्हींसमोरची तारीख-वेळ वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

पीएस४ वरून पीएस५ वर जाताना सेव्ह यूएसबीने किंवा प्लेस्टेशन प्लसची वर्गणी असेल तर क्लाउडने आणता येतो. पण सेव्ह येतो म्हणजे डीएलसी येते असं नाही. सिनाईत उभ्या असलेल्या बायेकचा सेव्ह उघडायला सिनाई हजर लागते. डीएलसी बसण्याआधी तो उघडायचा प्रयत्न केला की एरर येतो, लोक सेव्ह खराब झाला समजून पुसतात, आणि नुकसान तिथे होतं. पीएस५ वर गेमच्या आयकॉनवर ऑप्शन्स दाबून 'मॅनेज गेम कंटेंट'मध्ये दोन्ही डीएलसी उतरल्याची खात्री करा, मग सेव्हला हात लावा.

यावर कायमचा उपाय सोपा आहे. डीएलसीच्या नकाशावर जाण्याआधी मूळ इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात म्हणा, एक मॅन्युअल सेव्ह करा आणि तो कधीच ओव्हरराइट करू नका. पुढे कधीही डीएलसी रुसली तर तो सेव्ह उघडेल आणि दोष सेव्हमध्ये आहे की डीएलसीत हे मिनिटभरात कळेल. न्यू गेम प्लसच्या बाबतीतही हे उपयोगी पडतं. तिथे लेव्हल आणि शस्त्रं सोबत येतात, पण क्वेस्ट नव्याने सुरू होतात. 'डीएलसीची प्रगती पुसली गेली' म्हणणाऱ्यांपैकी काही जण प्रत्यक्षात न्यू गेम प्लसच्या सेव्हमध्ये उभे असतात.

गेम उघडतो आणि गोठतो

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा 'ओरिजिन्स'सह युबिसॉफ्टचे काही गेम सुरू होताना, लोड होताना किंवा चालू असताना गोठू लागले. काहींना काळा पडदा दिसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे गेम असलेल्या पीसींसाठी ती आवृत्ती रोखून धरली होती. नंतर गेमसाठी दुरुस्तीचा पॅच आला. त्यामुळे थीब्सच्या लोडिंगवरच गोठत असेल तर डीएलसीला दोष देण्याआधी गेम आणि विंडोज दोन्ही अद्ययावत आहेत का बघा. पेनड्राइव्हवरून किंवा मित्राकडून आणलेली जुनी प्रत व्हेरिफाय न करता चालवणाऱ्यांना हा त्रास अजूनही होऊ शकतो.

गेम चालतो पण सेटिंग्ज टिकत नाहीत, अशी तक्रार असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' तपासा. ते डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये लिहायला मनाई करतं, आणि 'ओरिजिन्स'ची सेटिंग्जची आयएनआय फाइल तिथेच असते. गेमच्या ईएक्सईला परवानगी द्या. ग्राफिक्स बदलल्यावर गेम उघडेनासा झाला तर त्या आयएनआय फाइलचं नाव बदला, गेम कोरी फाइल बनवेल. ओव्हरले, म्हणजे गेमवर उघडणारा दुसऱ्या प्रोग्रामचा पडदा, एका वेळी एकच ठेवा. स्टीम, युबिसॉफ्ट आणि ग्राफिक्स कार्ड अशा तिघांचे एकदम नकोत.

आत पोचलात, पण क्वेस्ट पुढे सरकत नाही

'द कर्स ऑफ द फॅरोज'मध्ये राजांच्या दरीतल्या थडग्यांमधून चार परलोकांत जाता येतं: अखेनातेनचा आतेन, नेफर्तितीचा आरू, रामसेसचा हेब सेद आणि तुतनखामुनचा दुआत. थीब्सला पोचल्या पोचल्या चारही दारं उघडी नसतात, कथा पुढे जाईल तशी ती उघडतात. बंद दार म्हणजे अर्धवट डाउनलोड नव्हे. आरूमध्ये उतरलात आणि सोनेरी, कमरेएवढ्या उंच शेतातून पाण्याविना नावा सरकताना दिसल्या तर ग्राफिक्स कार्ड बिघडलं असं समजू नका. ते दृश्य तसंच घडवलेलं आहे, थांबून बघावं असं.

खरोखर अडकलेल्या क्वेस्टची खूण वेगळी असते: मार्कर दिसतो, तिथे माणूस नसतो, किंवा असतो पण बोलायचं बटण येत नाही. तेव्हा क्वेस्ट अनट्रॅक करून पुन्हा ट्रॅक करा, दूरच्या एखाद्या सिंक्रोनायझेशन पॉइंटला फास्ट ट्रॅव्हल करून परत या. माणूस तरीही नसेल तर 'डॉन अँड डस्क' हे कौशल्य वापरून दिवसाची रात्र करा, काही पात्रं वेळेनुसार जागा बदलतात. त्यानंतर ॲटलसमधून मूळ इजिप्तला जाऊन परत येणं, आणि शेवटी क्वेस्ट सुरू होण्याआधीचा मॅन्युअल सेव्ह. ऑटोसेव्हवर भिस्त ठेवू नका, तो अडकलेल्या क्षणानंतरचा असू शकतो.

इतकं करून काहीच हललं नाही तर कंपनीच्या सपोर्टला लिहा, पण पहिल्याच संदेशात सगळं द्या: प्लॅटफॉर्म, डिस्क की डिजिटल, डिस्क असेल तर कण्यावरचा सीयूएसए क्रमांक, अकाउंटचा देश, डीएलसी खरेदीची पावती, गेमच्या मेनूत दिसणारा आवृत्ती क्रमांक, ॲटलसचा स्क्रीनशॉट, आणि वरीलपैकी काय काय करून झालं त्याची यादी. पीसी असेल तर विंडोजमधल्या एमएसइन्फो आणि डायरेक्टएक्स डायग्नोस्टिक या तपासणी साधनांचा रिपोर्टही जोडा. प्रदेशाचा घोळ असेल तर डबीच्या कण्याचा स्पष्ट फोटो लावा, क्रमांक वाचता येईल असा.